सुमाची पाठवणी आणि गाडीचे नवे उंबरे

माझ्या बहिणीनं सासरचं पहिलं पाऊल मोटारीच्या बॉनेटवर ठेवलं. आमच्यात तशी चाल नाही.

दोष गाडीचा नव्हता. बाबांची ती छोटी जुनी गाडी (कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारीची बदनामी नको) घरी आली तेव्हा सुमा शाळेत होती. पहिल्याच फेरीत बाबा तिला म्हणाले, "तुझी पाठवणी याच गाडीतून." पुढे बाबा रिटायर झाले, गाडी गंजली, आणि सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास सुमाचं लग्न कल्याणच्या प्रकाशरावांशी ठरलं. बाबांना आपला शब्द आठवला. सुमा म्हणाली, "बाबा, टॅक्सी चालेल मला." त्यावर बाबा उठले आणि गाडी पुसायला गेले.

गाडीच्या दारांखाली दोन्ही अंगांना पत्र्याच्या पोकळ पेट्या असतात. चढताना आपण ज्यावर पाय देतो, तोच गाडीचा उंबरा. आम्ही राहायचो त्या डोंबिवलीशेजारच्या कोपरच्या दमट हवेत आमच्या गाडीचे दोन्ही उंबरे पार सडले होते. बोट लावलं की गंजाचा भुगा पडायचा. "हे बदलल्याशिवाय पोरीला यात बसवणार नाही," बाबा म्हणाले.

मी तेव्हा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो. दिवसभर लोखंडाशेजारी बसलं की लोखंडातलं कळायला लागतं, असा माझा समज होता. मी छातीठोकपणे म्हणालो, "माझ्यावर सोडा. मी स्वतः उभा राहून करून घेतो."

उभा राहिलो, हे खरं. पण वेल्डर शोधला तो खिडक्यांच्या ग्रिल करणारा. निम्म्या डोंबिवलीच्या गॅलऱ्या त्यानं बंद केल्या होत्या. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"दारं मध्ये येतायत, साहेब."

"काढून टाक ना मग."

"आणि दोन्हीकडचं एकदमच कापू का? पुन्हा पुन्हा मशीन हलवायला नको."

"काप की."

गाडीचं सगळं अंग त्या दोन पेट्यांवर तोललेलं असतं. म्हणून खाली टेकू द्यायचे, दारं जागेवर ठेवायची आणि एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरी कापायची. आम्हा दोघांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे आमचं फार छान जमलं. उंबरे कापले आणि गाडी मधोमध बोटभर खचली. आम्ही चहा प्यायलो. मग त्यानं तशाच खचलेल्या गाडीला नवे उंबरे इतके पक्के जोडले, की आता भूकंप झाला तरी ती खचलेलीच राहिली असती.

दारं परत लावायला गेलो तर चौकटीत मावेनात! कानशीनं घासली, बिजागऱ्या वाकवल्या, तेव्हा कुठे बसली. वर रंग मारला. बाबांनी उंबऱ्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "नवीकोरी केलीस रे." मलाही गहिवरून आलं. अशा वेळी दारं जरा घट्ट आहेत, हे कोण सांगेल?

पाठवणीला मागे सुमा आणि प्रकाशराव बसले, पुढे पाठराखीण म्हणून आत्या, आणि स्टिअरिंगवर मी. चौघांच्या वजनानं गाडी आणखी लवली आणि दारं लागेनात. शेजाऱ्यांनी खांदे लावून ती आत ढकलली. काचा निम्म्यावर येऊन अडकल्या. त्या फटीतून बाबांनी सुमाचा हात धरला होता. सुमा रडत होती, बाबा रडत होते, आत्या दोघांच्या वाटचं रडत होती. मी तेवढा पुढच्या खड्ड्यांकडे बघत होतो. कल्याणच्या वेशीवर, पत्री पुलापाशी एक सणसणीत दणका बसला आणि कुणीतरी दात खावेत तशी गाडी करकरली.

कल्याणला घरापुढे विहीणबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. दारात तांदळाचं माप मांडलेलं होतं.

"उतर हो सुमा," त्या म्हणाल्या.

"उतरता येत नाहीये, आई," प्रकाशरावांनी सांगितलं.

त्यांनी आतून खांदा मारला. बाहेरून त्यांच्या मामांनी हँडल ओढलं. हँडल आलं.

"मी तेव्हाच म्हटलेलं, टॅक्सी करा," आत्या म्हणाली. (तिनं असं काहीही म्हटलं नव्हतं.)

मागून सुमा हळूच म्हणाली, "दादा, बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. खचून जातील ते." त्या अवस्थेतही तिला बाबांची काळजी! 

शेवटी मामांनी पुढच्या काचेचं रबर सोडवून काच अख्खी बाहेर काढली. शालू सावरत सुमा पुढे सरकली, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "थांब. उजवा पाय आधी." उजवा पाय बॉनेटवर आला. भाकरतुकडा तिथंच ओवाळून टाकला. मागोमाग प्रकाशराव आले. आत्यानं आधी स्टूल मागवलं. सगळ्यांत शेवटी मला दोघांनी ओढून काढलं. मी बॉनेटवरून घसरलो, माझे पाय जमिनीला लागले, आणि मागे टक्क असा आवाज झाला. गाडीचं अंग हलकं झालं होतं आणि दार आपोआप उघडलं होतं.

विहीणबाईंनी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे, डोक्यापासून पायापर्यंत. पोटापाशी त्यांची नजर जरा थांबली.

दुसऱ्या दिवशी पूजेला बाबा आले. काच जागेवर बसवली होती, हँडलही. कुणी काही सांगायचं नाही, असं सुमानं सगळ्यांना बजावलं होतं. बाबा आधी गाडीकडे गेले. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. रिकाम्या गाडीचं दार लोण्यासारखं फिरत होतं.

"बघा विहीणबाई, मुलानं स्वतः उभं राहून करून घेतलंय," बाबा म्हणाले. "चला, सगळे दुर्गाडी किल्ल्यावरच्या देवीला जाऊन येऊ. गाडी मी चालवतो."

घरातल्या प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवलं. बाबा दार धरून उभेच. सुमाचा चेहरा पडला.

"चला की," विहीणबाई म्हणाल्या. पदर खोचून त्या मागच्या सीटवर बसल्या आणि सुमालाही त्यांनी शेजारी बसवलं. त्या क्षणी मी त्यांना मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. हायसं वाटून मीही पुढचं दार उघडलं आणि आत बसायला वाकलो.

"चिरंजीवांना रिक्षानं येऊ द्या," विहीणबाई बाबांना म्हणाल्या. "एकीत मावले नाहीत तर दोन करा म्हणावं."