उडत्या कारकुनाचं शेवटचं पान

परवा नातीच्या आकाशकंदिलासाठी खळ शिजवली आणि त्या वासाबरोबर माझा लहानपणचा राग जसाच्या तसा वर आला.

गिरगावातल्या आमच्या चाळीत तेव्हा 'उडता कारकून' नावाची चित्रकथा यायची. कोट-धोतरातला हा वीर साहेबाने रजा मंजूर केली तरच उडू शकायचा! सगळ्या मजल्यात मिळून एकच अंक घ्यायचा आणि खोलीच्या पाळीने वाचायचा, अशी पद्धत होती. पाचव्या अंकाला पहिली पाळी आमची आली. कारकून मनोऱ्याच्या टोकाला लोंबकळतोय, रजा संपत आलीय, आणि शेवटचं पानच गायब!

ते जिन्याच्या भिंतीवर सापडलं. त्याची मागची बाजू जाहिरात न मिळाल्याने कोरी होती. तिच्यावर दादाने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलं आणि गोष्टीच्या बाजूला खळ फासून पान चिकटवून टाकलं होतं. मी नखांनी खरवडलं, तर हातात नुसता लगदा आला.

"इथे मुंबई जायची वेळ आलीय आणि तुला चित्रं सुचतायत?" दादा खेकसला.

"मग तूच सांग, तो खाली उतरला का?"

"मी कुठे वाचलंय!"

पुढे ती चित्रकथाच बंद पडली. दुसरी प्रत मी अजून रद्दीवाल्यांकडे शोधते. मुंबई मिळाली तेव्हा पेढे मीही खाल्ले. दादा आजही ती घोषणा नातवंडांना कौतुकाने सांगतो. आणि माझा कारकून बिचारा भिंतीकडे तोंड करून तसाच लोंबकळतोय.