इसाक मुलाण्याचं खोटं

नांदूरच्या बंधाऱ्याचं पाणी मागे तुंबून जे तळं झालं आहे, त्याच्या काठच्या वस्तीत इसाक मुलाण्याइतका स्वतःच्या कामाचा तोरा मिरवणारा माणूस दुसरा नव्हता. काम कोणतं, तर सुरी फिरवायचं. भोईवाड्यातल्या नवसाबाईनं म्हसोबाला कबूल केलेला बोकड असो की बद्रुद्दीनच्या घरचं लग्न, सुरी इसाकचीच लागायची. देव कुणाचाही असो, बोकड इसाकचा, असं भोई त्याला चिडवायचे आणि हा पठ्ठ्या ते कौतुक समजून मिशीत हसायचा.

थंडी पडली की तळ्यावर पाखरं उतरायची. थापटे, चक्रवाक, काळेकुट्ट वारकरी, लाल पायांच्या जांभळ्या पाणकोंबड्या. पाणकणसांत असा कलकलाट चालायचा, की काठावरच्या दोन माणसांना ओरडून बोलावं लागे. एरवी वस्तीचं पोट मासळीवर. मोठी मरळ मिळाली तर कालवण, बारकी मासळी तव्यावर, आणि जोडीला बाजरीची भाकरी. मासळीला सुरी लागत नाही, पाण्याबाहेर काढली की झालं. पाखराचं तसं नसतं. छर्रा लागून पाखरू पडलं की त्यात जीव आहे तोवर अल्लाचं नाव घेऊन मानेवर सुरी फिरली पाहिजे. जीव गेल्यावर फिरवली तर ती फुकट. ते पाखरू मग मुरदार, मुसलमानानं तोंडात घालायचं नाही. म्हणून बद्रुद्दीन काठावरून बार काढायचा, इसाकचा भाचा शफी बांबूनं होडी रेटायचा आणि इसाक पुढच्या टोकाला सुरी घेऊन बसायचा. पाखरू पडलं रे पडलं की हा कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकून, लव्हाळी तुडवत त्याच्यापाशी जायचा.

पण त्या वर्षी त्याचे गुडघे धरले. होडीतून उतरताना तो शफीच्या खांद्याचा आधार घेऊ लागला. शफी तिशीतला, सरळ मनाचा गडी. एके सकाळी तो सहज म्हणाला, “मामू, आता सुरी माझ्याकडं द्या. तुम्ही बसा होडीत निवांत.”

“तुझ्या वयाचा असताना मी जेवढा धावत होतो ना, तेवढा आजबी धावतो,” इसाक फणकारला. भाच्याचं बोलणं त्याला फार झोंबलं.

त्याच सकाळी गुलजारबीसाठी पाखरू हवं होतं. गुलजारबी ही इसाकच्या चुलतभावाची विधवा. इसाक तिला भाभी म्हणायचा. बाई मोठी कडक. बाजारातल्या मटणाला ती हात लावत नसे. कापणारा कोण, त्यानं नाव घेतलं की नाही, कुणी बघितलंय? इसाकच्या हातचं असेल तरच खाणार. हिवतापानं ती अंथरुणाला खिळली होती, कोयनेलच्या गोळ्यांनी तोंड कडू झालं होतं, मासळीचा वासही सोसत नव्हता. पाखराचा रस्सा मिळाला तर घोटभर घेईन, एवढंच ती म्हणाली होती.

बद्रुद्दीनचा बार निघाला. चोचीवर पिवळा-तांबडा ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक गिरकी घेऊन लव्हाळ्यांच्या पलीकडे पडलं. इसाकनं उडी टाकली, पण गाळात गुडघा अडकला. तो सोडवून, लव्हाळी बाजूला सारून पोचेपर्यंत बदक पाण्यावर उताणं तरंगत होतं. त्यानं ते उचललं. मान लोंबकळली. डोळ्यावर फुंकर मारली, पापणी हलली नाही. छातीला बोट लावून बघितलं.

मेलं होतं.

मागं लव्हाळ्यांआड होडी, होडीत शफी. इसाकनं नाव घेतलं आणि मेलेल्या मानेवरून सुरी फिरवली. रक्त नावाला आलं. बदक पाण्यात खळबळून तो होडीपाशी आला.

“होता ना जीव?” शफीनं विचारलं. नेहमीचाच प्रश्न, रोज विचारायचा तसा.

“होता तर! फडफडत होतं की.”

पुढे त्यानं स्वतःची पुष्कळ समजूत घातली, की मी हे भाभीसाठी केलं, बाई उपाशी होती. साफ खोटं. केलं ते त्यानं स्वतःच्या नाकासाठी.

गुलजारबी रस्सा प्यायली. दुसऱ्या दिवशी भाकरी कुस्करून खाल्ली. ताप उतरला, आठवड्याभरात बाई काठी टेकत दारात येऊन बसू लागली. आणि मग इसाकच्या मागं जे लागलं ते लागलं. येता-जाता ती त्याला हाक मारायची. “इसाक, तुझ्या हातच्या घासानं उठले रे बाबा. रोज फजरच्या नमाजला तुझ्या नावानं दुआ मागते. अल्ला तुझे हातपाय सलामत ठेवो.”

कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्यानं चौपट परत केल्या असत्या. दुआ कशी परत करायची? तिच्या दारावरून जाणं टाळायला तो भोईवाड्याला वळसा घालून पाण्यावर जाऊ लागला. अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठायचा. बायकोला वाटलं, याचं पोट बिघडलं. तिनं ओवा चावायला दिला.

शेवटी त्यानं सुरी शफीच्या हातात दिली. “घे बाबा, आता तूच.” कारण सांगितलं नाही. वाटलं, यानं तरी ओझं उतरेल. उतरायचं राहिलं, उलट सगळी वस्ती त्याला वाखाणू लागली. बद्रुद्दीन चारचौघांत म्हणाला, “मोठं मन लागतं असं सोडून द्यायला.” इसाकला तिथून पळून जावंसं वाटलं.

आणि गुलजारबीनं शफीच्या हातचं पाखरू परत पाठवलं. “पोरगा चांगला हाय,” ती म्हणाली, “पण माझा भरोसा इसाकवर. तो नाय तर मटण नाय.” ताप पुन्हा उलटला होता. गाल बसले. मासळीकडे ती तोंड फिरवायची, कोरडी भाकरी पाण्याशी गिळायची. इसाकवरच्या भरोशापायी बाई उपाशी राहत होती, आणि तो भरोसा पोकळ आहे हे सगळ्या वस्तीत एकट्या इसाकला ठाऊक होतं.

एका दुपारी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. बसला नाही.

“भाभी, ते हळदीकुंकू मेलेलं होतं. मी पोचलो तवा जीव नव्हता त्यात. मी खोटं बोललो.”

 गुलजारबीनं पदरानं तोंड पुसलं, जणू तो घास अजून ओठाला लागलेला होता.

“माझ्यावर गुन्हा नाय,” ती म्हणाली. “मी अजाणता खाल्लं. ते तुझ्या मानेवर. पण इसाक, मी रोज दुआ मागत हुते, आन तू ऐकून घेत हुतास!”

 तो मान खाली घालून उभा राहिला. शरमेनं त्याचे कान तापले होते.

“शफीला सांग,” ती म्हणाली, “उद्या पाखरू मिळालं तर घेऊन ये म्हणावं. मी मसाला वाटून ठेवते.”

म्हणजे आता ती खाणार होती. तो ज्यासाठी आला होता तेच त्याला मिळालं होतं. तरी घरी जाताना त्याला रडू आलं, आणि त्यानं डोळे पुसलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी बांबू इसाकच्या हातात होता आणि सुरी शफीच्या. बद्रुद्दीननं एक थापट्या पाडला. शफीनं उडी टाकली, तरण्या पायांनी पाणी कापत गेला, पाखरू उचललं, हलवून बघितलं.

“मेलं की हे, मामू,” तो म्हणाला आणि त्यानं ते लव्हाळ्यांत फेकून दिलं. कपाळावरचं पाणी निपटलं आणि होडीत चढून बसला. ना लाज, ना काही. इसाक बांबू धरून त्याच्याकडे बघतच राहिला. एवढंच बोलायचं होतं, आणि तेवढं त्याच्यानं झालं नव्हतं.

त्या दिवशी दुसरं पाखरू काही पडलं नाही. गुलजारबी मसाला वाटून वाट बघत असणार, तिला सांगायला हवं होतं. शफी होडी ओढत होता, म्हणून इसाकच गेला. पाट्याशी वाटीत खोबरं-लसणाचा गोळा झाकून ठेवला होता. बाई उंबऱ्यात टेकून बसली होती.

“भाभी, आज नाय मिळालं. एक पडलं हुतं, पण पोचेस्तोवर मेलं.”

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ओरडली नाही, रागावली नाही.

“हे शफी म्हणला, का तू म्हणतोस?”

“शफी म्हणला,” इसाक कसाबसा बोलला.

“मग खरं असंल,” ती म्हणाली आणि भिंतीला धरून भाकरी करायला आत गेली.