तात्यांचा स्कोअर

कामाच्या वेळेत रेडिओ ऐकल्याबद्दल तात्यांना दोनदा मेमो मिळाला होता, आणि मेमो देणारे साहेबच त्यांना सर्वांत आधी स्कोअर विचारत. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात तात्या जुने इलेक्ट्रिशियन. कानाला ट्रान्झिस्टर, डोळे अर्धवट मिटलेले, अशा थाटात ते इंजिन-चाचणीच्या शेडमधून संथपणे फिरत. सामना कानपूरला असो वा कुठेच नसो, ही प्रदक्षिणा चुकत नसे.

मी बत्तिसाव्या वर्षी, दोन पदव्या आणि पुष्कळसा संकोच घेऊन तिथे पहिल्या नोकरीस लागलो. तात्यांनी लगेच माझे नाव ‘मास्तर’ ठेवले. एकदा धीर करून मी त्यांच्या ट्रान्झिस्टरला कान लावला, तर आत नुसती खरखर! काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी आणून त्यांनी बटण लाखेने पक्के केले होते.

“कुठं ठिणगी उडाली की ह्यो खरखरतो, मास्तर. तारेला बाधा कुठून होती, ते ह्योच सांगतो.”

“मग स्कोअर?”

“माणूस आशेनं इचारतो. त्याला रिकामा कसा धाडायचा?”

माझी बाधा निराळी नव्हती. इंजिनाचे तापमान कागदी पट्टीवर उमटवणाऱ्या यंत्राची लेखणी एकसारखी थरथरत असे. सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. “पट्टी सरळ आली नाही, तर तुमचे कायम होणे अवघड आहे,” असे साहेबांनी स्वच्छ सांगितले होते. मी परदेशी यंत्रच सदोष असल्याचे सिद्ध करणारा तेरा पानी अहवाल लिहिला आणि साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवून आलो.

परत येतो तो तात्यांची फेरी सुरू. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालले होते. ट्रान्झिस्टर इंजिनापासून यंत्रापर्यंत मी ओढलेल्या तारेच्या कडेकडेने खरखरत थेट माझ्या टेबलाशी आला.

“तारेवरची ही जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला कुणी बांधली?”

“मीच. एक टोक सुटले, तर दुसरे असावे म्हणून.”

“अवो मास्तर, एकच टोक बांधायचं! दोन्ही बांधली, तर शेजारच्या वेल्डिंगला हितनं जायला वाट गावली की.”

त्यांनी एका टोकाचा स्क्रू सोडवला. लेखणी जागच्या जागी शांत झाली आणि मी थरथरू लागलो. अहवाल ट्रेमध्ये होता.

तात्या ट्रान्झिस्टर कानाला लावून साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी दाराबाहेर.

“काय तात्या, कितीवर?”

“दोनशे बारा, साहेब. तुमचा डावखुरा शंभरीला आलाय.”

साहेबांनी तृप्तीने डोळे मिटले. तात्यांच्या डाव्या हाताने अहवाल उचलला. साहेबांचा एक डोळा उघडला.

“ते काय?”

“मास्तरांची शाई वाळायची ऱ्हायली.”

लेखणीच्या स्थैर्याबद्दल माझे कौतुक होऊन मी कायम झालो. तात्यांनी पुढे तो विषय कधी काढला नाही. माझ्याच्याने मात्र तो गिळवत नव्हता. तीन वर्षांनी त्यांच्या निरोपसमारंभात, चारचौघांत सलग दोन वाक्येही न बोललेला मी, उभा राहिलो आणि सारे सांगून टाकले. दोन टोके, तेरा पाने, लाख, सारे.

साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही.

“तरीच!” ते तात्यांना म्हणाले. “त्या संध्याकाळी बातम्या लावतो, तर तो डावखुरा शून्यावर बाद!”

“व्हय, साहेब,” तात्या नम्रपणे म्हणाले, “पर दुपारभर बरं वाटलं ना?”

त्या ट्रान्झिस्टरची लाख मी अजून काढलेली नाही. जाताना तात्यांनी तो माझ्या हाती दिला होता. तो कानाला लावून शेडमधून फिरताना कुणी स्कोअर विचारलाच, तर चाचरत का होईना, मी आपल्या बाजूने चांगला सांगतो.