कंबरेत दोन इंच

मी लग्नाचे गाऊन शिवते. अंधेरी पूर्वेच्या आमच्या गावठाणात, ज्या माहेरच्या घरात मी अजून राहते, त्याच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. तीस वर्षांत एक नियम कधी मोडला नाही: माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. वहीत लिहायचा आणि वही मिटायची, नवरीची आई शेजारी उभी असली तरी. कुणी विचारलंच, तर मी म्हणते, "बसेल बरोबर."

हा नियम मला कुणी शिकवला नाही. पंधराव्या वर्षी माझ्याकडून जे झालं त्यातून मी तो घेतला.

माझी बहीण माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला मी बाय म्हणते. आम्ही दोघी एकाच खाटेवर झोपायचो, ती उजवीकडे, भिंतीला लागून. हिवाळ्यात ती आपले गार पाय माझ्या पोटऱ्यांवर ठेवायची आणि मी ओरडले की म्हणायची, "गप गो, बहीण कशाला असते मग?" टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी होती तिला. चेंबूरच्या मुलाशी लग्न ठरलं होतं, दोन्ही घरं खूश होती. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा होते, त्यातले दोन झाले होते.

गाऊन आई शिवत होती. आईनेच मला शिवण शिकवलं, आणि तेव्हा माझं काम टेप धरायचं. दुसऱ्यांदा माप घ्यायच्या दिवशी शेजारच्या घरातून आत्या आली, वडिलांची मोठी बहीण, खुर्ची ओढून बसली. मी बायच्या कंबरेला टेप लावली आणि पाढे म्हणावेत तशी मोठ्याने म्हणाले, "ममा, अठ्ठावीस! मागच्या महिन्यात सव्वीस होती. दोन इंच वाढली गो ही! चोरून लाडू खाते वाटतं."

मला वाटलं, सगळ्या हसतील.

आईने कात्री खाली ठेवली. बायने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादी वस्तू हातून सुटली की आपण ती पडताना बघतो, तसं. आत्या उठली, तिने बायच्या पोटावर तळवा ठेवला आणि विचारलं, "कितवा?"

"तिसरा," बाय म्हणाली.

इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आमची मराठी ख्रिस्ती गावं, मुंबई आमच्या शेतांवर येण्याआधीपासूनची. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका लुगडी नेसून, बँड लावून गावच्या विहिरीवर जातात. पाणी काढतात, कळशीतून वाजतगाजत घरी आणतात, आणि त्या पाण्याने नवरीची आंघोळ होते. याला उंबराचं पाणी म्हणतात. आमच्या गावठाणात तेव्हा असंही होतं, की लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला हे पाणी नाही. बँड नाही, पांढरा गाऊन नाही. सकाळी सहाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बाजूच्या वेदीवर लग्न.

आई रडली. आत्या म्हणाली, "बायबलात अशीला दगड मारायचे. आपण नुसता बँड रद्द करतो. देवाचे उपकार मान."

बायने फिकट निळा फ्रॉक घातला. लग्न लागलं, घरी चहा आणि पाव झाला, आणि साडेआठला टॅक्सी चेंबूरला निघाली. नवऱ्या मुलाला कुणी काही बोललं नाही. त्याच्या कंबरेला कुणी टेप लावली नव्हती.

त्या सकाळी फ्रॉकची बटणं मी लावत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी कुमसार केला होता गो, महिन्यापूर्वीच. फादरला सगळं सांगितलं. त्याने देवाची माफी दिली. संपलं होतं ते." कुमसार म्हणजे पापकबुली. पापकबुलीत माफ झालेलं पाप पुन्हा कुणी काढायचं नसतं, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं आणि मार्कही मिळवले होते.

गाऊन पेटीत राहिला. आई कंबरेच्या शिवणीत दोन्ही बाजूंना भरपूर कापड आत सोडायची. उसवून सैल करणं अर्ध्या तासाचं काम होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

बायचा संसार चांगला झाला. नवरा सज्जन. मुलगा झाला, शिकला, आता परदेशात आहे. ख्रिसमसला ती येते, घरातल्या मौतींना आली. पण उंबराच्या पाण्याला कुणाच्याही लग्नात आली नाही, आणि या घरात पुन्हा एक रात्रही राहिली नाही. सहा वाजले की पर्स उचलायची. "जाते, रिक्षा मिळत नाय मग." आई गेल्यावर मी खाट बदलली नाही. आता मी एकटीच झोपते तिच्यावर, नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली, आणि तरी डावीकडेच झोपते.

आमच्या चर्चमध्ये लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी वर्ग असतो. त्यात देवाच्या दहा आज्ञांतल्या सहाव्या आज्ञेचा तास माझ्याकडे आहे. आज्ञा व्यभिचाराची, पण तासात लग्नाआधीच्या संबंधांबद्दलही बोलायचं असतं. फादर म्हणाले, "तुम्ही स्पष्ट बोलता." मी स्पष्टच बोलते. मागच्या वर्षी एका मुलीने हात वर केला. "आंटी, एकत्र राहून बघितल्याशिवाय कळणार कसं, जमतं की नाय?"

"कापडाला कच्चा टाका घालून बघता येतो," मी म्हटलं, "उसवला की कापड पहिल्यासारखं. कात्री मारून बघता येत नाही. बायबलात पौल सांगतो की स्त्रीपुरुष एकत्र आले की एक शरीर होतात. तो हे गमतीने सांगत नाही. शरीर हे देवाचं घर आहे, तुझ्या एकटीच्या मालकीचं नाही, आणि त्याच्याही नाही. म्हणून आधी शब्द द्यायचा, मग शरीर."

"आणि चुकलं तर?" तिच्या होणाऱ्या नवऱ्याने विचारलं.

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं. शिकवण मला खोटी वाटत नाही. बायलाही वाटत नाही. ती स्वतः चूक म्हणते. म्हणून मी वर्गात सांगते, चुकीचे परिणाम होतात, बायबल ते लपवत नाही. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि त्याच्या घरातलं रडणं थांबलं नाही. पण त्याच बाईच्या पोटी पुढे शलमोन राजा झाला, आणि येशूच्या वंशावळीत तिची आठवण ठेवलेली आहे, पुसलेली नाही. आत्याच्या दगडांचंही मी नंतर नीट वाचलं. ते बायबलातल्या जुन्या नियमशास्त्रात आहेत, पण तिथेच असंही आहे की लग्न न ठरलेल्या मुलीला कुणी नादी लावलं तर त्याने तिच्याशी लग्न करावं. बँडचं, विहिरीचं कुठेच काही नाही. ते आम्ही घातलं. आणि व्यभिचारात पकडून येशूपुढे जिला ओढून आणली, तिला तो दोन गोष्टी सांगतो: मी तुला दोषी ठरवत नाही, आणि पुन्हा पाप करू नकोस. आमच्या घराने दुसरी तेवढी ऐकली.

येशूच्या आईशी, मरीयेशी, लग्न ठरलेल्या योसेफाबद्दल मात्र मी वर्गात फार बोलत नाही. मरीयेला दिवस गेल्याचं त्याला कळलं तेव्हा, खरं काय ते माहीत नसतानाही, त्याने ठरवलं की गाजावाजा करायचा नाही, तिची बेअब्रू होऊ द्यायची नाही. तिथे आलं की मी पान उलटते, आणि मुलांना वाटतं आंटीला घरी जायची घाई आहे.

यंदा ख्रिसमसनंतर माझ्या मुलीचं लग्न होतं. आमच्यात पहिली कळशी नवरीची मावशी उचलते. मावशी एकच. मी रिक्षा केली आणि चेंबूरला गेले.

बाय भाजी निवडत होती. साठ वर्षांची झाली, कंबर आता कुणी मोजत नाही. मी सरळ विषय काढला. "कळशी तुला घ्यायची आहे."

"मना?" ती हसली. "ज्या विहिरीवर मना नेलं नाय, तिथं मी नाचत जाऊ? गुडघे बघ माझे."

"नाचू नको. नुसती चाल."

"आत्या वर बसून बघत असेल. खाली पडेल ती."

"पडू दे." मग मी ते म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "बाय, तो आकडा मी म्हटला."

ती मेथीची पानं खुडत राहिली. "आकडा खराच होता. पोर माझ्या पोटात होतं, तुझ्या टेपेत नाय. चूक माझी, ती मी देवाकडे नेली, त्याने ठेवून घेतली. तू तुझं कुठं नेलंस?"

"कुठे नाही."

"मग तेच सांगते. टाक कुठेतरी. माणूस वाकतो अशाने." देठांचा ढीग तिने माझ्याकडे सरकवला. "मिस्साला येईन. विहिरीचं बघते."

मी विहिरीवरच्या लोखंडी जाळीचं कुलूप काढून घेतलं, विहीर साफ करून घेतली. संध्याकाळी पाचला बँड आला, बायका लुगडी नेसून जमल्या. मुलगी दोनदा म्हणाली, "ममा, मावशीला फोन कर ना." मी केला नाही. पावणेसहापर्यंत गल्लीच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. बँडवाला म्हणाला, "मॅडम, वाजवू?" मी म्हटलं वाजवा. पहिली कळशी मीच उचलली.

घरी येऊन टेकते तोच फोन.

"काढलं पाणी?"

"काढलं."

"बँड होता?"

"होता."

"जोरात वाजला?"

"वाट लावली कानांची."

बाय मग म्हणाली, "बाटलीभर ठेव माझ्यासाठी. उद्या घेईन."

मी पाणी फडक्यातून दोनदा गाळलं आणि बाटलीत भरलं.

दुसऱ्या दिवशी ती मिस्साला पहिल्या बाकावर बसली, माझ्या शेजारी. जेवणानंतर घरी आली. सहा वाजले. तिने पर्स उचलली आणि हात पुढे केला. मी बाटली दिली. तिने ती हातात तोलून बघितली.

"पुरेल?"

"आंघोळीला नाही पुरणार," मी म्हटलं.

"तोंड धुवायला पुरेल."

मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. रिक्षा लगेच मिळाली. मला वाटलं होतं, मिळू नये. ती उजवीकडे सरकून बसली, बाटली मांडीवर घेऊन, डावीकडची जागा रिकामी ठेवून, आणि रिक्षा चेंबूरकडे वळली.