पुजलेलं कार्ड

मेघनाचा राग नाकावर असतो, असं इंदापुरात म्हणतात. म्हणू द्यात! तो नसता, तर अठ्ठ्याण्णव साली तिनं काढलेला मुलींचा कॉम्प्युटरवर्ग सुरू व्हायच्या आधीच बंद पडला असता.

वर्गासाठी गावातल्या शिक्षणसंस्थेनं तिला एक खोली आणि एक मोठं मशीन द्यायचं कबूल केलं होतं. त्यावर ती लिनक्स घालणार होती. फुकटातली, आणि कुणीही आतून उघडून बघावी अशी सिस्टीम. पण हार्डडिस्क मशीनला जोडणारं कंट्रोलर कार्ड लिनक्सला ओळखता आलं पाहिजे, नाहीतर सगळंच मुसळ केरात. पुण्यात ज्यांच्याकडं लिनक्स चालू होतं, त्यांना विचारविचारून तिनं एक जुनं, खात्रीचं कार्ड ठरवलं.

आणि संस्थेचे अध्यक्ष हिंदुराव आबा बारामतीहून घेऊन आले भलतंच. नवंकोरं, चकचकीत खोक्यातलं! वर, मेघना पोचायच्या आत मशीन उघडून कार्डाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग म्हणाले, "हं, करा चालू."

डिस्क दिसेचना. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं ते कसं चालतं याची माहिती बाहेर कुणाला दिलीच नव्हती. मग लिनक्सवाले ते ओळखायची सोय काय कपाळ करणार? दुकानदार म्हणाला, कुंकू लागलेला माल परत घेणार नाही. आबा म्हणाले, "पुजलेली वस्तू आमीबी परत देत न्हाय. तुमची फुकटची सिस्टीमच खोटी हाय. वर्ग ऱ्हाऊ द्या."

वर्ग राहू द्या! पोरी नावं घालून बसल्या होत्या, कुणी घरी भांडून आली होती. मेघनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आबा, बैल आणताना तुमी आधी ओवाळता, का आधी दात बघता?"

"दात. त्याचं हितं काय?"

"औताला धरून बघता. चार जणांना विचारता. मग माझ्या पोरींच्याच वेळेला काय धाड भरली होती?"

अध्यक्षांना असं तोंडावर कुणी बोललंच नव्हतं. आबा ताडकन उठले, जीपमध्ये जाऊन बसले आणि तिथूनच ओरडले, "चला पुण्याला! तुमचं तुमी निवडा."

तिनं ठरवलेलं कार्ड आलं. लिनक्सनं डिस्क पहिल्या झटक्यात ओळखली.

उद्घाटनाला आबांनी माइक धरला. "लई इचार करून हे कार्ड म्या सोता निवडलं!"

मेघनाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण वर्गाची किल्ली अजून आबांच्याच खिशात होती. तिनं टाळ्या वाजवल्या, आणि किल्ली हातात पडेपर्यंत वाजवतच राहिली.