व्हॉल्व्ह चिकटला त्या आठवड्यात

माणकोलीचा नवा पूल उतरलो आणि मोटारसायकल बंद पडली. मागे बायको, तिच्या मांडीवर डोंबिवलीच्या लेकीसाठी केलेल्या अळूवड्यांचा डबा, बाजूने ट्रक घासून जातायत, आणि मी किक मारतोय तर ती फुकट खाली जातेय. सायलेन्सरमधून फट्ट असा एकच आवाज आला. गाडी ढकलत कडेला घेतली. वीसेक मिनिटं उन्हात उभे राहिलो. इंजिन गार झालं आणि एका किकमध्ये सुरू झालं, काही घडलंच नसल्यासारखं.

"पेट्रोल संपलं होतं का हो?" बायकोने विचारलं.

"अगं, संपलेलं पेट्रोल उभ्या उभ्या परत येतं का?" मी खेकसलो. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, माझं खेकसणं ती पंख्याच्या आवाजासारखं ऐकते.

दुखणं मला किक मारतानाच कळलं होतं. इंजिनाच्या माथ्यावर दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. या दुसऱ्याला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह म्हणतात. त्याची दांडी एका नळीत, म्हणजे गाईडमध्ये, सारखी वरखाली सरकत असते. माझ्या गाडीत ती तापली की नळीत चिकटत होती आणि व्हॉल्व्ह उघडाच राहत होता. मग आत दाब धरणार कसा? गार झाला की आपोआप सुटत होता. एवढं ओळखायला मला मेकॅनिक लागत नाही. कल्याणजवळ मोहन्याला कारखान्यात मी तेहेतीस वर्षं मेन्टेनन्स फिटर होतो.

खरं सांगायचं तर गाडीची मला काळजी नव्हती. काळजी होती ती माझ्या डोक्याची.

आदल्या काही महिन्यांत मला विसरायला होत होतं. चष्मा, किल्ली सगळेच विसरतात, ते सोडा. मी औषधाच्या दुकानात उभा राहिलो आणि अकरा वर्षं घेत असलेल्या गोळीचं नाव आठवेना. दुकानदार वाट बघतोय, मागची माणसं वाट बघतायत, आणि माझ्या डोक्यात नुसता पांढरा कागद. लेकीकडे जेवताना एकच गोष्ट दोनदा सांगितली. लेक हसली नाही, तिने आईकडे बघितलं.

माझा थोरला भाऊ असाच गेला. त्याचीही सुरुवात नावांपासून झाली होती. एकदा कल्याणला भाजी आणायला म्हणून निघाला आणि आम्ही दोघांनी नोकरी केली त्या मोहन्याच्या कारखान्याच्या बंद गेटसमोर सापडला. हातात पिशवी, आणि वॉचमनशी भांडण, की माझी फर्स्ट शिफ्ट आहे, आत सोड. त्याला आणायला मीच गेलो होतो. त्याने मला ओळखलं, पण म्हणाला, "तू कामावर नाही गेलास? साहेब ओरडेल रे." शेवटी शेवटी तर ओळखही राहिली नाही. मला त्याची दया यायची आणि भीतीही वाटायची. आता नुसती भीती वाटत होती.

म्हणून मी मनाशी एक परीक्षा ठरवली. व्हॉल्व्हचं काम मीच करायचं. हेड, म्हणजे इंजिनाचा माथा, उतरवायचं, व्हॉल्व्ह काढायचा, साफ करायचा, जसंच्या तसं बसवायचं. जमलं तर डोकं शाबूत. नाही जमलं तर... हे वाक्य मी मनातसुद्धा पुरं केलं नाही. बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प आणि घासायची पेस्ट मागायला कोपरीतल्या आमच्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "काका, गाडी सोडून जा ना. संध्याकाळपर्यंत करून देतो. या वयात कशाला डोक्याला ताप?"

"माझ्या डोक्याचं मी बघतो," असं मी इतक्या जोरात म्हणालो की त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग दोन्ही वस्तू काढून दिल्या.

आमच्या कारखान्यात शटडाऊनच्या वेळी एक रीत होती. मशीन एकट्याने उघडायचं नाही. एकाने काढायचं, दुसऱ्याने शेजारी बसून प्रत्येक पार्टचं नाव मोठ्याने बोलायचं आणि तो वर्तमानपत्रावर डावीकडून उजवीकडे मांडायचा. बसवताना उजवीकडून वाचत यायचं. फिटर कितीही हुशार असो, बोलणारा माणूस लागायचाच. मी तरुणपणी या रितीची टिंगल करायचो. लहान मुलांसारखे पाढे काय म्हणायचे, म्हणून. आता सकाळी नऊला बिल्डिंगच्या आवारात गाडी उभी केली, वर्तमानपत्र अंथरलं आणि बायकोला वही देऊन स्टुलावर बसवलं. नाव मी सांगायचं, तिने ते लिहून मोठ्याने बोलायचं. तिने शाळेत तीस वर्षं मुलांची हजेरी घेतली होती.

"रॉकर कव्हर," ती म्हणाली. "नट चार."

"हजर," मी म्हणालो. ती हसली. मला हसू आलं नाही, पुढे काय काढायचं ते मी मनात घोकत होतो.

पण हात आपले शहाणे निघाले. कुठला नट किती सोडायचा, हेडला कुठून हलका ठोका द्यायचा, त्यांना ठाऊक होतं. हेड निघालं. क्लॅम्प लावून एक्झॉस्टची स्प्रिंग दाबली. व्हॉल्व्हच्या दांडीला वर दोन अर्धगोल लॉक असतात, डाळीच्या दाण्याहून थोडे मोठे. त्यांच्यावर सगळी स्प्रिंग अडकलेली असते. ते चिमट्याने काढले आणि तेवढ्यात क्लॅम्प सटकला. टिंग असा आवाज झाला. बघतो तर वर्तमानपत्रावर एकच लॉक.

"एकच होता," मी म्हणालो.

"दोन," बायको म्हणाली.

"एकच होता गं! मी काढला ना?"

"तुम्ही आत्ता म्हणालात, लॉक दोन. मी लिहिलंय."

व्हॉल्व्हला दोन लॉक असतात हे फिटरला पहिल्या वर्षी कळतं. आणि मी छातीठोकपणे एक म्हणत होतो. लॉक हरवल्याचं मला काही वाटलं नाही, तो बाजारात मिळाला असता. ते "एकच होता" माझ्या तोंडातून इतक्या सहज कसं आलं, या विचाराने मी जमिनीवर बसूनच राहिलो. बायकोने स्टूल सरकवलं, साडी झटकली, आणि दुसरा लॉक निऱ्यांतून खाली पडला. "दोन. हजर," ती म्हणाली.

व्हॉल्व्ह सहजी निघेना. लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत बाहेर काढला. दांडीवर डांबरासारखा काळा, चिकट थर. हा काजळीचा थर तापला की फुगत होता. तो खरवडला, नळी आतून साफ केली, पेस्ट लावली आणि रवीने ताक घुसळतात तशी व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी दोन्ही तळव्यांत फिरवत बसलो. अर्ध्या तासाने कडेला एकसारखी राखाडी रेघ उमटली. मग व्हॉल्व्ह बसवून वरच्या भोकात थोडं पेट्रोल ओतलं. खाली पाझरलं तर काम फसलं. घड्याळ लावून दहा मिनिटं बघत बसलो. तेवढ्या वेळात माझं सगळं आयुष्य त्या व्हॉल्व्हच्या कडेवर टांगलेलं होतं असं म्हटलं तर बायको म्हणेल, काहीतरीच. पण तसंच वाटत होतं.

एक थेंबही पाझरला नाही.

बसवताना बायकोने उजवीकडून वाचलं, मी बसवत गेलो. एकही वायसर उरला नाही. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तशीच काढली ती कोपरी पुलावरून आनंदनगरच्या नाक्यापर्यंत, परत, पुन्हा नाक्यापर्यंत, इंजिन चांगलं तापेपर्यंत. कुठे अडखळली नाही. मी हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. डोकं शाबूत होतं. भावाचं भावाबरोबर गेलं, माझं माझ्याजवळ होतं.

घरी आलो, चहा झाला, आणि मग फिटर जागा झाला. एवढी काजळी आली कुठून? कारण न शोधता केलेल्या दुरुस्तीला आमच्यात मलमपट्टी म्हणत. सिलेंडरला ओरखडा नव्हता, पिस्टनवर ओलं तेल नव्हतं, दांडी नळीत ढिली नव्हती. म्हणजे इंजिनाचं तेल खालून वर येत नव्हतं. मग ते वरूनच येत असणार, पेट्रोलबरोबर. काम सुरू करताना टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं होतं. ते दोन बोटांवर चोळलं. पेट्रोल उडून गेलं आणि बोटं तेलकट राहिली.

माझं टाळकं सरकलं. "पंपावर भेसळ करतात हरामखोर! पेट्रोलमध्ये तेल! आत्ता जातो आणि बाटली त्यांच्या नाकासमोर धरतो."

बायको कप विसळत होती. नळ बंद करून ती माझ्याकडे वळली.

"अहो, ते तर तुम्हीच घालता."

"काय घालतो?"

"तेल. पेट्रोल भरून आलात की जिन्याखालच्या मीटरपेटीमागून बाटली काढता. झाकणाने मोजून टाकीत ओतता. मग गाडी हलवता जरा."

आमच्याकडे पूर्वी स्कूटर होती. त्या जुन्या स्कूटरना पेट्रोलमध्ये तेल मिसळावंच लागायचं, घरातली माणसंसुद्धा पंपावर आठवण करायची, तेल टाकलं का. स्कूटर विकून आम्हाला सतरा वर्षं झाली. मोटारसायकलचं तेल वेगळं, खाली इंजिनात असतं. तिच्या पेट्रोलमध्ये तेल घालायचं नसतं. हे मी झोपेत सांगेन.

खाली गेलो. मीटरपेटीमागे बाटली होती. अर्धी रिकामी. जुनी असती तर मी काहीतरी समजूत घातली असती स्वतःची, पण तिच्यावरचं लेबल कोरं करकरीत होतं. म्हणजे मी दुकानात गेलो होतो, तोंडाने मागितली होती, घरी आणून लपवल्यासारखी ठेवली होती. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. बाटली हातात घेऊन मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो. मला रडू आलं.

वर आलो. "कधीपासून घालतोय मी?"

"दिवाळीपासून असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, इंजिनातलं तुला काय कळतं."

तेही मला आठवत नव्हतं. पण शब्द माझेच होते, त्यात शंका नव्हती.

अजूनही सुटायला जागा होती. जुन्या इंजिनाला थोडं तेल बरं असतं, एवढं म्हणालो असतो तर तिने मान हलवून पुन्हा नळ सोडला असता. वाक्य जिभेवर आलंही होतं. तिचे हात ओले होते आणि ती वाट बघत होती, शाळेत चुकलेल्या मुलाची बघावी तशी, न रागावता.

"ते स्कूटरचं आहे," मी म्हणालो. "या गाडीत घालायचं नसतं."

तिने पदराला हात पुसले आणि ती समोर येऊन बसली. मी तिला औषधाच्या दुकानातलं सांगितलं, परीक्षेचं सांगितलं, आणि लॉक एकच असल्याचं मला कसं खरंच वाटलं होतं ते सांगितलं. ती म्हणाली, "नौपाड्यात एक डॉक्टर आहेत, डोक्याचेच. लेकीने नंबर दिलाय मागे. उद्या जाऊ या?"

"जाऊ."

"साडेनऊला निघू मग. गाडी झालीच आहे नीट."

"गाडी नको," मी म्हणालो. "रिक्षाने जाऊ. आणि रिक्षावाल्याला पत्ता तू सांग."