केळीच्या पानाआडचा तास

२० ऑगस्ट २००६, रविवार. नंदाखालच्या आमच्या केंद्रात खुर्च्यांवर पावसाळी बुरशी चढली होती, ती मी ओल्या फडक्याने पुसत होते. कॉलेजने गावात एक खोली घेऊन हे केंद्र काढलं होतं. अंगणात उपग्रहाची छत्री, आत टीव्ही. विद्यापीठातला तास इथे बसून बघायचा. शिकणाऱ्या बहुतेक गावातल्या सुना. रोज वसईला कॉलेजात जायला त्यांना घरून कोणी सोडलं नसतं. सोमवारी समिती येऊन चालू तास बघणार होती. तास दिसला नाही तर केंद्र बंद.

आणि पडदा निळा.

वायरी काढून परत लावल्या. तंत्रज्ञाला फोन केला. "मॅडम, मंगळवारी बघतो." बाहेर येऊन छत्रीकडे पाहिलं. जानेवारीत ती बसवली तेव्हा समोर मोकळं आभाळ होतं आणि शेजारच्या वाडीतली केळ कमरेएवढी. जागा ठरवणारे आम्ही सगळे फ्लॅटमध्ये राहणारे. केळ वाढते हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आता तिची दोन पानं छत्रीच्या तोंडावर डोलत होती.

वाडीची मालकीण देवळातून, म्हणजे इथल्या चर्चमधून, रविवारचा मिस्सा आटोपून परतत होती. बरोबर तिची सून, माझीच विद्यार्थिनी.

"मावशी, ही दोन पानं कापू का?"

"घड लागलाय टीचर, दिसत नाय? पानं गेली तर केळी भरतील कशी? हा घड सणाला देवळात जायचाय."

"उद्या तास दिसला नाही तर हिचं शिक्षण थांबेल."

"मग रेडिओ लावा."

सून हसली नाही. "आई, सून बीए करतेय म्हणून तुम्हीच गावभर सांगता ना? आता सांगा, केळीपायी सोडलं."

"बघा तोंड! बीए व्हायच्या आधीच वकील झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कापायचं नाय. वाकवायचं तर वाकवा. पण मोडलं तर गाठ माझ्याशी आहे."

सुतळीने पानं मागे बांधली. चित्र आलं. पण वाऱ्याच्या एका झोताबरोबर सुतळी पानात रुतली आणि पान चिरायला लागलं, घाईघाईने सोडली. पडदा पुन्हा निळा. संध्याकाळी घरी भाजी निवडताना खिडकीबाहेर काही हललं तरी माझा हात थांबायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आत बसली तेव्हा मी वाडीत स्टुलावर उभी होते, बांबूने दोन्ही पानं मागे धरून. स्टूल मावशीने धरलं होतं. "रेटू नका, नुसतं टेकवा," ती खालून बजावत होती. आतून विद्यापीठातल्या सरांचा आवाज येत होता. वारा सुटला, आवाज तुटला. मी बांबू जरा वर सरकवला. आवाज परत आला, आणि पाठोपाठ फोनवरून त्यांना प्रश्न विचारणारी सून ऐकू आली. तास संपेपर्यंत मी खाली उतरले नाही.